फ्रेम केलेल्या कॅनव्हासला पुन्हा पुन्हा झोळ पडतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

घरी फ्रेम केलेल्या कॅनव्हासची ही नेहमीची तक्रार आहे. लक्षणं साधारण अशी असतात:

- सगळा कॅनव्हास सारखाच सैल. पाठीमागे तळहात जवळ नेऊन हलवला तरी कापड थरथरतं.
- खालच्या कडेच्या जरा वर टेंगूळ आल्यासारखा फुगवटा, बाकी चित्र ठीक.
- एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे धावणाऱ्या तिरक्या लाटा.
- कोपरे ताठ, पण मधोमध उभ्या किंवा आडव्या लाटा.
- कडेवर दोन स्टेपलच्या मध्ये छोट्या छोट्या कमानी.
- फ्रेम भिंतीला चारही कोपऱ्यांत टेकत नाही, एक कोपरा उचललेला राहतो.
- ताणला की झकास, महिन्याभरात पुन्हा तसाच.

शेवटची तक्रार सगळ्यात बोलकी आहे. ताणूनही सैल होत असेल तर कुठेतरी लाकूड वाकतंय, सांधा सरकतोय किंवा फ्रेम आतल्या चौकटीला पिळतेय. अशी बरीच चित्रं मी सोडवून पुन्हा बसवली आहेत, आणि दोष खुद्द कापडात निघाला असं क्वचितच झालंय. लोक मात्र पहिला हात कापडालाच घालतात. मागून पाणी मारतात, आतल्या चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी (निमुळते छोटे तुकडे) ठोकतात, ते जमलं नाही की स्टेपल उपटतात. या गोष्टी शेवटी करायच्या असतात.

पुढे 'चौकट' म्हणजे ज्यावर कॅनव्हास ताणलाय ती आतली लाकडी चौकट, आणि 'फ्रेम' म्हणजे बाहेरून दिसणारी शोभेची फ्रेम. फ्रेम सुंदर आणि चौकट बेताची, हा प्रकार फार दिसतो.

आधी नुसतं बघा

चित्र भिंतीवरच राहू द्या. खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च चित्राच्या कडेशी, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारी प्रत्येक लाट या तिरक्या उजेडात उठून दिसते. आधी डावीकडून, मग वरून उजेड टाका आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवा. पुढे काही बदललं की नाही हे त्यावरूनच कळेल, नाहीतर आपण आपलीच समजूत घालत बसतो.

लाट ज्या दिशेला धावते त्या दिशेला कापड ताणलेलं असतं. सैल असतं ते तिच्या आडव्या दिशेला. म्हणजे उभ्या लाटा दिसत असतील तर डावी-उजवी ओढ कमी पडली आहे, आडव्या लाटा असतील तर वर-खाली ओढ कमी पडली आहे. तिरक्या लाटा असतील तर चौकट काटकोनात नाही किंवा कापड तिरकं बसवलंय. कमानी फक्त कडेला असतील तर स्टेपल विरळ आहेत. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं, आणि त्यासाठी अजून एक स्क्रूही काढावा लागलेला नाही.

थोडं थांबून बघा

सगळीकडे सारखाच सैलपणा असेल आणि तो दमट दिवसांत किंवा उकाड्यातच दिसत असेल तर आठ-दहा दिवस हात लावू नका. बाजारातल्या तयार कॅनव्हासवर बहुधा ॲक्रिलिक प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, असतो. तो उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत कडक होतो, त्यामुळे उन्हाच्या तिरिपेत टांगलेला कॅनव्हास दुपारी ढिला आणि पहाटे ताठ असणं यात नवल नाही. सरस (प्राणिज गोंद) लावलेल्या लिननचं गणित वेगळं आहे. हवेत ओलावा वाढला की सरस मऊ होऊन ताण उतरतो, आणि ओलावा फारच वाढला की धागे फुगून तेच कापड आकसतं. लाकूड ओलाव्याने रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. चौकटीचं माप तेच राहतं आणि कापड कमी-जास्त होतं, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो.

दमट दिवशी सैल दिसलं म्हणून तेव्हाच खच्चून ताणलं तर हवा कोरडी झाल्यावर तो जादाचा ताण रंगाच्या थरावर आणि सांध्यांवर येतो. कोपरे फाकण्याची आणि रंगाला भेगा पडण्याची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते.

जागा बदलता येत असेल तर बदला. न्हाणीघराची भिंत, ओल येणारी बाहेरची भिंत, एसीच्या झोताची जागा, या तिन्ही ठिकाणी कॅनव्हास कधीच स्थिर राहत नाही. जागा बदलायची सोय नसेल तर निदान फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहील.

खालचा फुगवटा

फुगवटा फक्त खालच्या पट्टीच्या वर असेल तर चित्र उतरवून पाठमोरं करा आणि खालची पट्टी व कापड यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून बघा. तिथे काहीतरी पडलेलं असतं. बहुतेक वेळा कोपऱ्यातली निसटलेली पाचर, कधी तुटलेलं स्टेपल, कधी भिंतीच्या गिलाव्याचा खडा. समोरून ते अगदी छोटं टेंगूळ दिसतं, पण वर्षभर तसंच राहिलं तर कापडाला कायमचा आकार येतो आणि तिथला रंग तडकतो.

काढायला टोकदार काही वापरू नका. चित्र उलटं धरा, म्हणजे खालची पट्टी वर येईल, आणि पातळ पण ताठ पुठ्ठ्याची पट्टी फटीत घालून ती वस्तू हलकेच सरकवा. हात बाहेरून कापडावर दाबायचा नाही. पाचर निघाली तर ती फेकू नका, तिची जागा कुठल्या कोपऱ्यात रिकामी आहे ते बघून ठेवा.

फ्रेममधून बाहेर काढा

मला सगळ्यात जास्त उत्तरं या पायरीवर मिळाली आहेत, आणि हीच पायरी लोक टाळतात, कारण फ्रेम एकदा बसवली की ती उघडायचा कंटाळा येतो.

टेबलावर स्वच्छ, मऊ, गुळगुळीत चादर घाला. बबल रॅप नको, त्याचे गोल ठसे रंगावर उमटू शकतात. चित्रावर जाड रंगाचे थर असतील तर ते पालथं न टाकता फ्रेमच्या कडांखाली दोन समान उंचीच्या फळ्या ठेवा, म्हणजे रंग अधांतरी राहील. मग मागचे स्क्रू काढण्याआधी सगळे फक्त एक-एक फेरा सैल करा आणि चित्र उभं करून पुन्हा तिरक्या उजेडात बघा. लाट लगेच कमी झाली किंवा जागा बदलून बसली तर कापडाला दोष नाही, फ्रेमच चौकटीला ओढत होती.

असं का होतं? चौकट किंचित पिळलेली असते. आपण फ्रेममध्ये ठेवून चारही कोपऱ्यांत स्क्रू आवळतो, तेव्हा ती जबरदस्तीने सपाट होते आणि कापडाचा ताण एका कर्णावर जास्त, दुसऱ्यावर कमी होतो. फ्लोटर फ्रेममध्ये, म्हणजे चित्राभोवती फट सोडणाऱ्या एल-आकाराच्या फ्रेममध्ये, हे अधिक घडतं, कारण तिथे मागून स्क्रू थेट चौकटीतच जातो. स्क्रू बसेपर्यंत फिरवायचा, पिळून आवळायचा नाही. चौकट टेकत नसेल तर त्या कोपऱ्यात पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि मग स्क्रू लावा.

साध्या, खाच असलेल्या फ्रेममध्ये दुसरी भानगड असते. खाच तंतोतंत मापाची करण्याचा मोह होतो आणि चित्र घुसवून बसवावं लागतं. मग पाचरी ठोकून चौकट रुंद करायला जागाच उरत नाही आणि बाजूच्या पट्ट्या आत दाबल्या जातात. प्रत्येक बाजूला सुमारे तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. चौकटीतून आरपार खिळे मारून ती फ्रेमला जखडली असेल तर तेही काढा. पत्र्याच्या झेड-आकाराच्या क्लिपा वापरल्या की एक टोक फ्रेमला स्क्रूने बसतं आणि दुसरं चौकटीला फक्त दाबून धरतं. चौकटीला हलायला वाव राहतो, लाकडात भोकंही पडत नाहीत.

फ्रेममधून काढलेलं चित्र एक रात्र मोकळं ठेवा. सकाळी झोळ नाहीसा झाला असेल तर काम फक्त फ्रेमचं आहे. पुढचं वाचायची गरज नाही.

टेप घ्या आणि मापा

मोकळ्या चौकटीची तीन मापं घ्यायची आहेत.

पहिलं, दोन्ही कर्ण. बाहेरच्या कोपऱ्यापासून समोरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत. चौकट 60 × 80 सेंटिमीटरची असेल तर दोन्ही कर्ण बरोबर 100 सेंटिमीटर यायला हवेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर चौकट काटकोनातून निसटली आहे. तिरक्या लाटा लांब कर्णाच्या दिशेनेच धावताना दिसतील. मोठ्या मापात गुण्यावर (सुताराच्या काटकोनी पट्टीवर) विसंबू नका. छोटा गुण्या कोपऱ्यात अगदी बरोबर बसतो आणि चौकट तरीही वाकडी असते.

दुसरं, मधली रुंदी. वरच्या कडेला, खालच्या कडेला आणि बरोबर मध्ये अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा. मध्ये चार-पाच मिलिमीटर कमी भरली तर उभ्या पट्ट्या कापडाच्या ओढीने आत वाकल्या आहेत. कोपरे ताठ आणि मध्ये उभ्या लाटा, हे कोडं इथे सुटतं. उंचीचंही तसंच मोजा. बाजू साधारण एक मीटरच्या आसपास गेली की मध्ये आडवी पट्टी लागतेच. ती नसेल तर तुम्ही कितीही वेळा ताणा, पट्टी तेवढीच आणखी वाकणार. ताणला की बरा आणि महिन्यात पुन्हा तसाच, यामागे हेच कारण जास्त वेळा सापडतं. आडवी पट्टी किंचित घट्ट मापाची कापून दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या मध्ये बसवा आणि आतून पत्र्याच्या एल-पट्ट्यांनी धरा. ती कापडाला टेकता कामा नये, पुढून निदान अर्धा सेंटिमीटर आत हवी, नाहीतर काही महिन्यांनी तिची रेघ चित्रावर उमटेल.

तिसरं, सपाटपणा. चौकट काचेच्या टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर पाठीकडून ठेवा आणि एकेका कोपऱ्यावर बोट टेकवा. डुगडुगली तर पिळलेली आहे. थोडी डुगडुग आडव्या पट्टीने आणि नीट ताणाने जाते. एक कोपरा बोटभर उचलला जात असेल तर ते लाकूड सुधारणार नाही.

हाताशी आहातच तर पाठीमागून कापडाची वीणही बघा. धागे पट्टीला समांतर जातायत की तिरके? कर्ण बरोबर असूनही तिरक्या लाटा असतील तर कापड बसवतानाच तिरकं बसलंय. त्यावर पाचरीचा इलाज नाही.

आता पाचरी

चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत फटी असतील तर त्या पाचरींसाठी आहेत, कोपऱ्याला दोन याप्रमाणे आठ. फटी नसतील आणि कोपरे गोंदाने किंवा खिळ्यांनी पक्के असतील तर ही पायरी सोडून द्या.

ठोकण्याआधी कोपऱ्याचा सांधा मागून नीट निरखा. कापडाची घडी बसवताना एखादं स्टेपल सांध्याच्या रेघेवर आडवं मारलेलं असतं, एक पाय एका पट्टीत, दुसरा दुसऱ्या पट्टीत. असं एक स्टेपल सबंध कोपरा जखडून ठेवतं. मग माणूस पाचर ठोकत राहतो, सांधा काही उघडत नाही आणि शेवटी पट्टीचं लाकूड चिरतं. ते स्टेपल काढून सांध्याच्या एका बाजूला घ्या.

पट्टी आणि कापड यांच्यात पुठ्ठा सरकवून ठेवा, म्हणजे हातोडी निसटली तरी कापड वाचेल. प्रत्येक पाचरीला एक हलका ठोका, मग पुढचा कोपरा, असं सगळीकडून फिरत जा. एकाच कोपऱ्यावर जोर काढला तर काटकोन गेलाच. फेरी झाली की कर्ण पुन्हा मापा. सांधा दोन-तीन मिलिमीटर उघडला आणि तरी झोळ आहे, तर थांबा. पाचरी बारीक फरक काढण्यापुरत्याच असतात. कापड डफासारखं वाजलं पाहिजे ही हौस सोडा, तळहाताला एकसारखा ताण लागला की पुरे.

जमलं की प्रत्येक पाचर चिकटपट्टीने पट्टीला धरून ठेवा. मघाचा खालचा फुगवटा कशाने येतो ते तुम्ही पाहिलंच आहे.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दल

'मागून पाणी मारा, लगेच ताठ होतं.' होतं खरं. ओले धागे फुगतात, कापड आकसतं. वाळलं की पुष्कळदा जैसे थे, कधी आधीपेक्षा सैल. ॲक्रिलिक प्राइमरच्या नव्या सुती कॅनव्हासवर काही टेकून छोटा खड्डा पडला असेल तर मागून पाण्याचा अगदी हलका शिडकावा चालून जातो. पॉलिएस्टरवर त्याचा विशेष उपयोग नाही, तो धागा पाणी फारसं पीतच नाही. जुन्या तैलचित्रावर किंवा सरस लावलेल्या कापडावर मात्र हा प्रयोग मुळीच करू नका. कापड आकसतं, वरचा कडक रंग आकसत नाही, आणि पोपडे सुटतात. वाकलेल्या पट्टीवर तर पाणी हा उपायच नाही.

इथे थांबा

यापुढे स्टेपल काढायचे आहेत. त्याआधी चित्र पुन्हा एकदा जवळून बघा. पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरी हात लावू नका.

रंगाचे पोपडे सुटतायत, भेगांच्या कडा वर वळल्यात किंवा चादरीवर रंगाचे कण पडलेत. कडेचं कापड इतकं जीर्ण आहे की स्टेपलच्या भोवती फाटतंय. मूळ कापडाच्या मागे दुसरं कापड चिकटवलेलं आहे. बुरशीचे डाग आहेत. लाकडाला बारीक भोकं असून खाली ताजा भुगा पडतोय. तैलरंग वरून वाळलाय पण जाड थरावर कडेला नख टेकवलं की दबतो. चित्र जुनं, मौल्यवान किंवा दुसऱ्याचं आहे.

नुसतं लाकूड वाकडं असेल तर फ्रेमवाला किंवा चांगला सुतार पुरे. रंग, कापड किंवा बुरशी यांचा प्रश्न असेल तर चित्रांचं जतन करणाऱ्या कन्झर्वेटरकडेच न्या, फ्रेमवाल्याकडे नको. भुगा दिसत असेल तर ते चित्र बाकीच्या लाकडी वस्तूंपासून आधी वेगळं ठेवा. दीड मीटरच्या वरचं चित्र एकट्याने उतरवून ताणायचा प्रयत्नही करू नका. नेईपर्यंत पोपड्यांवर चिकटपट्टी, मागून गोंद, ओलं फडकं यातलं काहीही लावायचं नाही. चित्र सपाट, रंग वर करून ठेवा आणि तिरक्या उजेडातले ते फोटो सोबत घ्या. त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

स्टेपल आणि पुन्हा ताणणं

फक्त कडेला कमानी असतील तर सगळं उघडू नका. दोन स्टेपलमधलं अंतर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मध्ये कापड पकडीने किंचित ओढून एकेक नवं स्टेपल भरा. स्टेपल धाग्याला जरा तिरकं मारा. सरळ मारलं की ओढीचा सगळा भार एक-दोन धाग्यांवर येतो आणि तिथून कापड फाटतं.

पूर्ण ताणायचं असेल तर उबदार खोलीत करा. थंडीत ॲक्रिलिक कडक असतो, वाकवला की तडकू शकतो. सपाट टोकाच्या स्क्रू-ड्रायव्हरने स्टेपलची पाठ जराशी उचला आणि पकडीने सरळ वर ओढून काढा. चौकट बदलत नसाल तर एका बाजूने सुरुवात करून थोडे थोडेच मोकळे करा. रंगवलेल्या कापडाला जुनी घडी पडलेली असते. ती होती त्याच जागी, पट्टीच्या धारेवर बसायला हवी. एक-दोन मिलिमीटर ओढ पुरते. जास्त ओढलीत तर जुनी घडी पुढच्या बाजूला येते आणि ती रेघ जात नाही.

एका बाजूच्या मध्यावर एक स्टेपल, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर ओढून एक, मग उरलेल्या दोन बाजूंचे मध्य. तिथून कोपऱ्यांकडे जायचं, प्रत्येक बाजूला दोन-तीन, लगेच समोरच्या बाजूला तितकेच. कोपरे सर्वांत शेवटी. एक बाजू संपवून दुसरीकडे गेलात तर कापड तिरकं ओढलं जाणारच. मागे उरलेलं कापड कापून टाकू नका, दुमडून ठेवा. पुढच्या वेळी पकडीला धरायला तेच असतं.

चौकट बदलावी लागली तर पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे बघा, बंदुकीचा नेम धरतात तशी. वाकडेपणा, पीळ, मोठी गाठ दिसली तर दुसरी घ्या. लाकूड मुरलेलं हवं, आणि पट्टीची पुढची बाजू बाहेरच्या कडेशी उंच व आत उतरती हवी, म्हणजे कापड फक्त कडेला टेकतं. हा उतार उलट्या बाजूला ठेवून ठोकलेल्या चौकटी आश्चर्य वाटेल इतक्या सापडतात. कापड चढवण्याआधी रिकाम्या चौकटीचे कर्ण मापून घ्या. तेव्हा दुरुस्ती दोन मिनिटांची असते.

फ्रेममध्ये परत बसवल्यावर मागून कोरुगेटेड पुठ्ठा किंवा प्लास्टिकची हलकी शीट फ्रेमला स्क्रूने लावा. ओलाव्याचे चढउतार त्याने मंदावतात, धूळ आणि खडे आत पडत नाहीत, आणि चित्र हलवताना कुणाची बोटं कापडात घुसत नाहीत. टांगायची तार फ्रेमला बांधा, चौकटीला बांधली तर चित्राचं आणि फ्रेमचं सगळं वजन पुन्हा त्याच पट्ट्यांना आत ओढत राहील.